जमेला ऊन, खर्चाला फ्रीज

ॲडलेड,
२४ जुलै

ती. बाबांस व आईस,


आई, तुझा प्रश्न आधी निकालात काढते. परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "अगं, तिकडे आत्ता थंडी ना? मग थंडीत सहलीला फ्रीज कशाला नेलात बरोबर?" पहिल्यांदा मी हसले, दुसऱ्यांदा विषय बदलला आणि तिसऱ्यांदा आवाज येत नसल्याचं सोंग केलं. तुमचे जावई, म्हणजे आमचे साहेब, शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर फ्रीजबद्दल वाकडा शब्द काढायची आमच्या घरात सोय राहिलेली नाही.

मागच्या सहलीला आपली साधी बर्फाची पेटी नेली होती. तिसऱ्या दिवशी बर्फाचं पाणी झालं, त्या पाण्यात पनीर पोहत होतं आणि कोथिंबीर बुडून मेली होती. त्या दृश्याचा साहेबांच्या मनावर फार खोल परिणाम झाला. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून ते काहीतरी वाचत बसायचे. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल. पुढे दारात खोकी यायला लागली. आधी पंचेचाळीस लिटरचा फ्रीज, मग शंभर अँपिअर-अवरची बॅटरी, मग सूटकेससारखा मिटणारा एकशेवीस वॅटचा सोलर पॅनेल, आणि शेवटी फ्रीजसाठी जाड दुलई. हो, फ्रीजला दुलई. त्यामुळे आतली थंडी टिकते म्हणे. तुमची नातवंडं पातळ पांघरुणात कुडकुडली, फ्रीज मात्र मजेत.

बाबा, आता तुमच्यासाठी जरा तपशिलात. हा फ्रीज म्हणजे आडवी पेटी, झाकण वरून उघडतं. गार हवा जड, म्हणून उघडला तरी ती रांजणातल्या पाण्यासारखी तळाशी राहते. चालतो बारा व्होल्टवर. कॉम्प्रेसर सुरू असला की साधारण चार अँपिअर घेतो, पण तो सतत चालत नाही. या थंडीत तासातली पंधरा-वीस मिनिटं. दिवसाचे झाले तीसेक अँपिअर-अवर. बॅटरी शंभराची असली तरी शिशाचीच असल्याने निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ऊन नसेल तर दीड दिवसात खेळ खलास. बॅटरी सीलबंद आहे, तिला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची कल्पना आहे. आणि ही बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीपेक्षा वेगळी ठेवलीय. दोन्ही एक केल्या तर सकाळी दूध गार मिळेल, पण गाडी सुरू होणार नाही.

दुकानातला माणूस भला होता. तो म्हणाला, "रोज चार तास गाडी चालवणार असाल तर इंजिनच बॅटरी भरून देईल, सोलरची गरज नाही." झालं! साहेबांचा चेहरा पडला. पॅनेल तर घरी येऊन पडलेला. त्यावर त्यांनी तोडगा काढला. सोलर वसूल व्हावा म्हणून गाडी हलवायचीच नाही, तीन रात्री एकाच जागी मुक्काम! म्हणजे आधी मुक्कामासाठी सोलर घेतला आणि मग सोलरसाठी मुक्काम केला.

तर मुलांची शाळेची सुट्टी लागली आणि आम्ही ऊडनाडाटा ट्रॅकला निघालो. हा मरीपासून मार्लापर्यंत सहाशेवीस किलोमीटरचा कच्चा रस्ता. ॲडलेडहून मरीला पोचायलाच सव्वा दिवस गेला. उन्हाळ्यात या भागात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो म्हणून शहाणी माणसं जुलैत येतात. दिवसा वीस अंश, आकाश धुतल्यासारखं, आणि रात्री हाडं वाजतात. वाटेत काटी थांडा, म्हणजेच लेक एअर, त्याचा दक्षिणेकडचा भाग लागतो. या सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्या पंधरा मीटर खाली आहे. आम्ही बघितलं तेव्हा पाणी नव्हतं, नुसतं मीठ. थोरली म्हणाली, "आई, आपण मीठ विसरलोय ना?" विसरले होते खरं. पण ते खाण्यातलं मीठ नव्हे म्हणून तिला आवरलं.

मुक्काम काउर्ड स्प्रिंग्जला. जमिनीतून कोमट पाण्याचा झरा वर येतो, भोवती खजुराची जुनी झाडं, जवळून घान रेल्वेचा बंद पडलेला जुना मार्ग. पहिल्या सकाळी नऊ वाजता साहेबांनी पॅनेल उलगडला, पाय उभे केले, चाळीस अंशाचा कोन मोजून घेतला आणि फोनवर आकडा बघत बसले. अर्धा अँपिअर. काच पुसली. अर्धा अँपिअर. वायरी काढून परत लावल्या. अर्धाच. "पॅनेल फॉल्टी आहे," म्हणून जाहीर केलं आणि दुकानदाराला द्यायचा मजकूर मनात जुळवायला लागले. तेवढ्यात तुमची नऊ वर्षांची नात दात घासत घासत आली आणि पॅनेलच्या पाठीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, सूर्य तिकडे आहे."

आता यात त्यांची फार चूक नाही. सांगलीत आपल्या गच्चीवरचा सोलर बंब दक्षिणेकडे तोंड करून बसलाय, त्यांच्या माहेरच्या (सासरच्या म्हणावं का मी?) गच्चीवरचाही तसाच. जन्मभर जो सोलर पाहिला तो दक्षिणमुखी मारुतीसारखा. पण इकडे विषुववृत्ताच्या खाली सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो. तिथे जुलैत भर दुपारी तो उत्तरेच्या क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंश वर असतो. चाळीस अंशाचा कोन करून दक्षिणेला लावलेल्या पॅनेलच्या तो चक्क पाठीमागे जातो. आमच्या घरावरचे पॅनेल उत्तरेकडे आहेत, पण ते कंपनीच्या माणसाने बसवले. सहा वर्षांत आम्ही वर मान करून बघितलं नव्हतं. फिरवल्याबरोबर आकडा साडेपाचावर गेला. साहेबांनी लेकीला चॉकलेट दिलं आणि ही गोष्ट सांगलीला कळवायची नाही असं बजावलं. तिने कळवलेली नाही.

मग मी वही काढली. आई, तुझी ती लाल बाइंडिंगची हिशोबाची वही असते ना, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तशी. फोनवरच्या ॲपमध्ये रंगीत आलेख होते, पण त्यावरून शिल्लक काय ते मला कधी कळलं नाही. पहिला दिवस: जमा अठरा अँपिअर-अवर, खर्च एकतीस. दुसरा दिवस: जमा सव्वीस, खर्च तीस. जमा कमी का, तर खजुराच्या झाडाची बोटभर सावली. पॅनेलवरची घरं एकापाठोपाठ एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की वीज त्याच्याशी अडते आणि बाकीची उन्हात असूनही उपाशी राहतात. म्हणून दर तासाला साहेब उठून पॅनेल थोडा सरकवायचे आणि सूर्याकडे बघून परत कोन लावायचे. इतका वेळ त्यांनी लग्नात सत्यनारायणालाही दिला नव्हता.

त्यात आषाढी एकादशी आली. शेंगदाण्याचं कूट घरून आणलेलं, बटाटे होते, दही फ्रीजमध्ये. गॅसच्या छोट्या शेगडीवर साबुदाण्याची खिचडी केली. शेजारच्या तंबूतलं ऑस्ट्रेलियन म्हातारं जोडपं वास घेत आलं. त्यांना उपवास म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आजोबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "असा उपवास मला जमेल." दही मस्त लागलेलं होतं, हे मान्य करायला हवं. त्या रात्री इतकी थंडी पडली की पहाटे बाहेरच्या बादलीवर बर्फाची साय आली होती. फ्रीजमध्ये चार अंश, बाहेर त्याहून कमी. म्हणजे आमच्या मुक्कामात सर्वांत उबदार जागा फ्रीजची होती. आई, तेव्हा मला तुझा प्रश्न फार पटला. पण मी बोलले नाही.

चौथ्या दिवशी हललो. विल्यम क्रीकच्या अलीकडे स्ट्रँगवेज स्प्रिंग्जला पडक्या दगडी भिंती आहेत. बाबा, इथे तुमची फार आठवण आली. ॲडलेडपासून डार्विनपर्यंत सुमारे तीन हजार दोनशे किलोमीटरची तारायंत्राची तार १८७२ मध्ये पुरी झाली, छत्तीस हजारांच्या आसपास खांब. तिचं हे एक ठाणं. तार लांबली की संदेश क्षीण होत जातो. म्हणून दर अडीच-तीनशे किलोमीटरवर काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या आणि एक माणूस. तो आलेला संदेश ऐकायचा आणि नव्या दमाने पुढे ठोकायचा. डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, आणि मग मुंबईहून एडनमार्गे लंडन. या ओसाडीतली टकटक मुंबईवरून पुढे जायची. मी भिंतीला हात लावून उभी होते आणि तेवढ्यात लक्षात आलं की आमचंही तेच दुखणं आहे. साहेबांनी सावली टाळायला पंधरा मीटरची स्वस्तातली बारीक वायर आणली होती आणि चार्जिंगचा रेग्युलेटर होता पॅनेलच्या पाठीला. पॅनेलपाशी चौदा व्होल्ट दाखवायचे, बॅटरीपर्यंत तेरासुद्धा पोचत नव्हते. रेग्युलेटरला वाटायचं, बॅटरी भरत आली. संध्याकाळी तो काढून बॅटरीजवळ बसवला. "वायर बारीक आणि लांब, म्हणजे पैसे वाऱ्यावर," हे तुमचं वाक्य मी साहेबांना माझं म्हणून ऐकवलं. माफ करा.

विल्यम क्रीक म्हणजे एक पब, काही विमानं आणि मोजकी माणसं. भोवती ॲना क्रीक नावाचं गुरांचं कुरण, आपल्या सांगली जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं. तिथून ऊडनाडाटा दोनशे किलोमीटर, आणि त्या रस्त्याला कपडे धुण्याच्या लाकडी फळीवर असतात तशा आडव्या पन्हाळी पडलेल्या. गाडी नव्हे, खुळखुळा. दात, डबे, नवरा-बायको, सगळं वाजत होतं. संध्याकाळी पोचल्यावर साहेबांनी ॲप उघडलं आणि मोठ्याने ओरडले, "शंभर टक्के! बॅटरी पूर्ण भरली! बघ, शेवटी हिशोब जुळला!" मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी वही घेतली. जमा: भरपूर, गाडी दिवसभर चालू होती. खर्च: शून्य.

खर्च शून्य असलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही. उठले, मागचं दार उघडलं, दुलई बाजूला केली. फ्रीजचा दिवा बंद. प्लग सिगारेट पेटवायच्या सॉकेटमधून निसटून खाली लोंबत होता. ते सॉकेट मुळात मिनिटभर सिगारेट पेटवण्यासाठी काढलेलं, प्लग धरून ठेवायला नुसती स्प्रिंग. दोनशे किलोमीटरच्या खुळखुळ्यात तो कधी सुटला कोण जाणे. आत बारा अंश. दही आंबट ढाण झालेलं, दुधाची पिशवी फुगलेली. साहेब आलेख खालीवर सरकवत म्हणाले, "पण व्होल्टेज तर बरोबर होतं." बाबा, लहानपणी भारनियमनाच्या रात्री तुम्ही टॉर्च हातात घेऊन इन्व्हर्टरपाशी वाकायचात आणि दर वेळी तेच म्हणायचात. मी फक्त दोन शब्द उच्चारले: "लूज कनेक्शन."

इथे जाणकार लोक त्या सॉकेटच्या नादी लागतच नाहीत. ते अँडरसन प्लग लावतात. दोन चौकोनी तुकडे एकमेकांत घट्ट बसतात आणि ओढल्याशिवाय सुटत नाहीत. तिथल्या गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत बसवून दिला. दह्याची मी कढी केली. छान झाली. साहेबांनी तीन वाट्या प्यायल्या आणि शेवटी म्हणाले की फ्रीज बंद पडला नसता तर ही कढी झाली नसती. मी उत्तर दिलं नाही.

तुम्ही नोव्हेंबरात येताय, तेव्हा येताना बाबांचा जुना टेस्टर आणि तो चिमट्यासारखा मीटर नक्की आणा, इकडचे मला वापरता येत नाहीत. आई, तू भाजणी आण, लोणचं सामानात टाकू नकोस. विमानतळावर खाण्याचं सामान फॉर्ममध्ये जाहीर करावं लागतं आणि मग अधिकारी ते उघडून बघू शकतात.

मुलं मजेत आहेत. फ्रीज सध्या गराजमध्ये आहे, पॅनेल अंगणात, उत्तरेकडे तोंड करून. साहेब म्हणतात, बंद केला तर बॅटरीला सवय राहणार नाही. आत चार अंशावर अर्धं लिंबू आहे.

तुमची,
धाकटी