हेल्मेटचा तिसरा डोळा

आमचा पुतण्या पावसाळ्यात दर रविवारी मोटरसायकलवरून ताम्हिणी घाटात जातो. म्हणजे खरं तर त्याचा कॅमेरा जातो. पुतण्या फक्त त्याला वाहून नेतो. हेल्मेटच्या हनुवटीवर गोप्रो बसवायला पाऊण तास, हेल्मेटचा पट्टा लावायला मात्र वेळ नाही. मुळशी धरण मागे पडलं, की हा एकटाच बोलू लागतो : ‘तर मित्रांनो...’ मित्र दोन किलोमीटर मागे भजी खात असतात.

परवा आल्या आल्या आम्हा सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. गोप्रोच्या रुंद कोनाच्या भिंगाची गंमत अशी, की जवळचा रस्ता सुसाट पळतो आणि लांबचा सह्याद्री वारुळाएवढा दिसतो. चाळीसच्या वेगाला शंभरचा रुबाब! आवाज म्हणाल तर पिठाची गिरणी. वाऱ्यापुढे ‘मित्रांनो’सुद्धा ऐकू येईना. त्यात पहिल्याच वळणावर भिंगावर एक थेंब बसला, तो थेट माणगावपर्यंत. अख्खा घाटभर आम्ही तो थेंब पाहिला. फोर-केमध्ये.

‘धबधबा कसा होता रे?’ वहिनींनी विचारलं.

‘अजून बघितला नाही गं आई. एडिटिंग बाकी आहे.’