जाकिटाची शुद्धी: नाटे पद्धत

सर्वप्रथम पावसाळी जाकीट मुंबईहून यावं लागतं. आमच्या नाटे गावात ते कुणी विकत घेत नाही. चाकरमान्याच्या अंगावरून येतं, तेही जूनमध्ये, कारण त्याला पाऊस 'अनुभवायचा' असतो. आमच्या पुतण्याचं पोपटी होतं. आतल्या शिवणीला चिटोरं: पाण्याचं घमेलं, त्यात ३०, पुढे त्रिकोणावर फुली, इस्त्रीवर फुली. "एवढे पैसे घेतले नि अक्षरं लिहायला शाई संपली काय?" ही म्हणाली.

डाग इथे शोधावे लागत नाहीत. यशवंतगडाच्या तटाला टेकलं की शेवाळ. साखरी नाट्याला गेलं की ग्रीस, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या काठावर ओढलेल्या, इंजिनं उघडी. आणि तांबडी माती सगळीकडे. तिचा रंग लोहाचा, त्यामुळे ब्लीच ओतणारा फसतो: जाकिटाचा रंग जातो, मातीचा राहतो. चिखल आधी वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, उरलेल्याला लिंबू.

पण खरी परीक्षा फणसाची. पुतण्याने बरका फणस जाकीट घालूनच फोडला. चिकाला पाणी लावू नये, काही उपयोग होत नाही. खोबरेल चोळावं, विळीला, हाताला आपण तेच लावतो. पाच मिनिटांत चीक सुटतो आणि त्या जागी पापडाएवढा तेलाचा डाग उमटतो. तेलाला साबणाची पावडर लावावी, तर पावडर कापडात मुरून बसते आणि पावसाला आत बोलावते. डाग गेला, पण जाकीटही जाकीट राहिलं नाही. वर हिने वास यावा म्हणून कपडे मऊ करणारं निळं पाणी घातलं. असल्या कापडाला ते विष, पण हे हिला सांगणार कोण?

योग्य रीत अशी: चेन लावावी, पातळ साबण, कोमट पाणी, मग तीन-चारदा स्वच्छ पाण्यातून खळखळून काढावं. पिळू नये, धोपटू नये. विहिरीवरच्या आमच्या दगडाला हे मान्य नाही.

मग वाळवण. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे 'सावलीत वाळवा' ही सूचना वाचून मन भरून येतं. सावलीच आहे. चौथ्या दिवशी काखेत काळी बुरशी आली. शेवटी बाळंतिणीच्या घरातला उपाय काढला: शेगडीत राखेखालचे निखारे, वर बांबूची पाटी पालथी, तिच्यावर दुपट्यासारखं जाकीट, आणि शेजारी राखणीला मी. मंद उबेने कापडावरचा पाणी झटकणारा लेप पुन्हा कामाला लागतो. कंपन्याही हेच सांगतात, फक्त त्यांना पाटी ठाऊक नाही.

आता पाणी थेंबाथेंबाने ओघळून जातं. धुराचा वास आहे, थोडा सुक्या बांगड्याचाही, कारण दोरी तीच.

"काकू, डाग गेले का?" पुतण्या फोनवर विचारतो.

"गेले रे. जपून वापरतोय आम्ही."

पडवीत लाकडांवर पसरलंय. यंदा लाकडं अगदी कोरडी आहेत.