पाटा निघाला बाई एकदाचा!

वहिनी, कढीपत्ता न्या की, विचारता काय! पण जरा थांबा. काल तिन्हीसांजेला आमच्या दारात ‘दाब, धर, सोड’ असा आरडाओरडा चालला होता ना, तुम्ही खिडकीतून बघत होतात, मी पाहिलं. भांडण नव्हतं हो ते. पिकअपच्या ब्रेकमधली एअर काढत होते, आणि पेडलवर पाय माझा होता.

झालं काय, टोमॅटो भरून हे वाशीला निघालेले. माळशेज उतरताना ब्रेक मारला तर पेडल पार खाली! दोन-तीनदा पंपिंग केलं तेव्हा कुठं गाडी धरली. घरी येऊन मला सांगितलं का? नाव नको. सोबत गेलेल्या पुतण्यानं चहा पिता पिता सांगून टाकलं. यांचं म्हणणं, मुरबाडला पोचेस्तोवर ब्रेक ठीक झाला होता, उगाच बाऊ करू नका.

मग काय, गल्लीत जो तो फिटर. दीर म्हणाले, ऑइल कमी असेल. डबी बघितली तर काठोकाठ भरलेली. समोरचे अण्णा म्हणाले, लायनर संपले, सगळेच बदला. मामंजींनी लिंबू-मिरची नवी बांधली. शेवटी मीच आबांना बोलावणं धाडलं. ते हो, एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले.

आबांनी पान्याला हात लावला नाही. मला म्हणाले, ‘सूनबाई, तुम्ही बसा. याचा पाय जड आहे, याला काही कळायचं नाही.’ गाडी बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत मारायला लावलं. मग पाय दाबून ठेवला आणि चावी फिरवली. पेडल किंचित खाली गेलं, म्हणजे बूस्टर ठीक. ते गेलंच नसतं तर बूस्टर, नाहीतर अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप बघायचा. मग म्हणाले, पाय तसाच ठेवा, हळूहळू खाली सरकतंय का सांगा. सरकलं आणि बाहेर कुठं थेंबही दिसला नाही, तर मास्टर सिलेंडरचे रबर आतल्या आत ऑइल सोडतात म्हणे. आमचं सरकलं नाही. पण पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला वर, असं होत होतं. ‘एकतर ऑइलमध्ये हवा, नाहीतर मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत,’ आबा म्हणाले. दोन्ही निघालं!

मागची चाकं खोलली. लायनर चांगले जाड, पण ॲडजस्टर चिखलानं जाम. आणि यांनी काय केलं होतं माहितीय? ब्रेक खाली जातो म्हणून हँडब्रेकची केबल ओढून घट्ट केली होती! आबा असे बघायला लागले की हे बिडी आणायला म्हणून जे गेले ते अर्ध्या तासानं आले. डाव्या चाकाच्या सिलेंडरचा रबर उचलला तर आत ओलं. ते सिलेंडर बदललं, ॲडजस्टर साफ करून ड्रम जरासा घासेपर्यंत ताणला आणि मग थोडा ढिला सोडला.

ऑइल बघायचं होतं तुम्ही, काकवीच जणू! ते हवेतलं पाणी ओढतं म्हणे. डॉट थ्री ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकं तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, मग पाय जातो खाली. खाली उतरून गार झालं की पुन्हा ठीक. म्हणून मुरबाडला ठीक! दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, आणि झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं. मी आबांना म्हटलं, एसटीला तर हवेचेच ब्रेक असतात ना? ‘तिथं हवा राबते, इथं हवा घात करते,’ म्हणाले.

मग ते तुम्ही ऐकलंत ते. मास्टर सिलेंडर उजवीकडे, म्हणून सर्वात लांबचं डावं मागचं चाक आधी. मी दाबून धरायचं, आबांनी निपल ढिली करायची, बाटलीतल्या नळीत बुडबुडे. निपल आवळायच्या आधी पाय सोडला की हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा ठोकळाही ठेवला होता. जुन्या सिलेंडरच्या तळाला गंज असतो, पेडल पार तळाला नेलं की रबर फाटतात.

पेडल झालं दगडासारखं. तरी आबा गाडीखाली शिरले आणि तिथून ओरडले, ‘पाटा कुणी वाढवला रे?’

हे गप्प. जास्त क्रेट बसावेत म्हणून मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा टाकून घेतला होता, गाडी बसत नाही म्हणून मिरवतही होते. आता बघा, मागच्या ॲक्सलला एक दांडी असते, गाडी मालानं बसली की ती वाल्वला सांगते, माल आहे, मागच्या चाकांना ब्रेक वाढव. पाट्यानं गाडी बसतच नाही, मग वाल्वला वाटतं गाडी रिकामी! सगळा भार पुढच्या ब्रेकवर, म्हणून तर ते इतके तापले. यांनी लगेच अक्कल चालवली, ‘दांडी तारेनं बांधून टाकू.’ आबा म्हणाले, ‘बांध, आणि पावसात रिकामी गाडी आडवी झाली की मला बोलवू नको.’

तासभर वाद झाला, टोमॅटोचा भाव काय, क्रेटमागं सुटतं काय. मी चावी कमरेला खोचली, मग निघाला पाटा. वाल्वही मापानं लावून घेतला.

पाटा पडलाय तिकडं हौदापाशी. मामंजी लोहाराकडे नेणारेत, पाट्याच्या लोखंडाला धार चांगली राहते म्हणे. दोन कोयते सहज होतील. तुमचा बोथट झालाय ना, एक सांगून ठेवू का?