शेळी आत गेली त्याची गोष्ट

अहो वहिनी, या समोरच्या टॉवरमुळं गच्चीवर पापड घालायची चोरी झालीय बघा. मान वर केली की बाराव्या मजल्यावर कुणीतरी कॉफीचा मग घेऊन उभंच!

पण हा जाच आमच्या मामंजींच्या आजीला तेव्हाच होता. हसताय काय? १९३९ मध्ये इंग्रजांनी लोहगावला विमानतळ केला, लढाईपायी. विमानं घिरट्या घालायची ती आपल्या खराडीच्या वावरांवर. म्हातारीची न्हाणी परसात. तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड, वर उघडं आभाळ. घरघर ऐकू आली की ती ओल्या लुगड्यानिशी घरात पळायची, ‘मेला साहेब वाकून बघतोय’ म्हणत. शेवटी आजोबांनी वर पाचटाचं छप्पर घातलं. इंग्रजानं गावात केलेली एकुलती सुधारणा, असं मामंजी सांगायचे.

मामंजी म्हणजे माझे सासरे हो. तुम्ही इथं राहायला आलात त्याच्या आधीच गेले. त्यांच्या करगोट्यात एक भोकाचा पैसा होता, शेवटपर्यंत. लढाईत तांबं महागलं, म्हणून १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. त्यावर राजाचं तोंडच नाही, नुसता मुकुट. पोरांनी गावभर उठवलं, जर्मननं राजाचं मुंडकं उडवलं! मास्तरांनी त्यापायी सगळा वर्ग उन्हात उभा केला. पोरं उन्हात उभं राहूनही तेच कुजबुजत होती म्हणे.

पण शेळीची गोष्ट ऐकली नाही तुम्ही अजून. थांबा, ही परात खाली ठेवते.

गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते ना, तेव्हाची. तुम्ही बसनं नगर रोडवरून जाता तोच पॅलेस. १९४३ च्या फेब्रुवारीत त्यांनी एकवीस दिवसांचा उपास धरला. मोठी माणसं पारावर बसून हलक्या आवाजात बोलायची, म्हातारा आता वाचत नाही म्हणून. गांधीजींचे सचिव महादेवभाई आदल्या ऑगस्टात तिथंच वारलेले, तेव्हा धास्ती खरीच होती. मामंजी असतील नऊ वर्षांचे. त्यांनी आणि चुलतभावानं सरळ हिशेब केला. बापू शेळीचं दूध पितात, हे सगळ्यांना ठाऊक. आता काही घेत नाहीत म्हणजे इंग्रज शेळी देत नसणार! मग काय, घरची दुभती शेळी सोडली आणि निघाले दोघं पहाटे नगर रोडनं. निम्मी वाट शेळीनं यांना ओढलं, निम्मी वाट यांनी शेळीला.

फाटकाशी बंदोबस्त. शिपायानं विचारलं, “कुठं निघालात रे?” चुलतभाऊ भेदरट, तो आधीच झाडाआड. मामंजी म्हणाले, “बापूंचं दूध आणलंय.” शिपाई म्हणतो, “भांडं कुठाय?” मामंजींनी शेळीकडं बोट केलं. तिनं तोवर कुंपणाची मेंदी वीतभर खाल्लेली. सरकारी मेंदी हो! आता नऊ वर्षांच्या पोराला बेड्या घालाव्यात तर सगळे हसणार, सोडावं तर वरचा साहेब खवळणार. शिपायानं मधला मार्ग काढला. पोरांना एकेक रट्टा आणि शेळी कोंडवाड्यात.

पुढं काय विचारू नका. आजोबा दोन दिवसांनी दंड आणि चाऱ्याचे पैसे भरून शेळी सोडवून आले. वाटेत जो भेटेल तो विचारतोय, “काय आबा, जामीन झाला का?” गावात त्या शेळीचा असा मान वाढला की लोक तिला कापायला तयार होईनात. म्हातारी होऊन मेली बिचारी. आजी मात्र चिडून होती, कोंडवाड्यातून आल्यापासून शेळी दूध कमी द्यायला लागली म्हणून. तिचं म्हणणं, इंग्रजांनी पिळून घेतली.

खरं-खोटं देव जाणे. मामंजी दर वेळी त्या मेंदीची लांबी वाढवायचे, एवढं मी पाहिलंय.

१९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन निघाली तेव्हा चुलतसासऱ्यांनी मामंजींना डिवचलं, “कर की अर्ज शेळीच्या नावानं, वारस तूच.” मामंजींनी म्हणे चौकशीसुद्धा केली. निदान सहा महिने तुरुंगात काढलेले पाहिजे होते, वहिनी. शेळीचे दोनच दिवस भरत होते.