कोन्ता भीम, सार?

15 ऑगस्ट आठवड्यावर आला की आमच्या शाळेत देशभक्तीला उधाण येतं आणि चष्म्यांची टंचाई होते. गावात गोल काचांचा चष्मा एकच, आणि गांधीजी मात्र दर वर्षी चार. मग एकाला काठी, एकाला चरखा, एकाला नुसतं उपरणं देऊन भागवावं लागतं. भगतसिंग व्हायला रांग असते, कारण त्याला हॅट मिळते. झाशीच्या राणीच्या पाठीवरची बाहुली भाषण संपेपर्यंत खाली पडली नाही, तर मोहीम फत्ते.

आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. मुलं घरात मराठी बोलतात, बाजारात तेलुगू आणि भांडताना दोन्ही. मला ती ‘सर’ म्हणत नाहीत, तेलुगू वळणानं ‘सार’ म्हणतात. इतकी वर्षं ऐकून मलाही मधूनमधून वाटतं, आपल्यात काहीतरी सार असावं. मग मी वर्गात जातो आणि गैरसमज दूर होतो.

मागे एकदा सांगत होतो की आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तो 17 सप्टेंबर 1948 ला सुटला. एकानं बोटं मोजली आणि विचारलं, “मंग देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिने आपण कुठी होतो, सार?” मी म्हटलं, “वर्गाबाहेर उभे.” हे त्यांना ताबडतोब पटलं. बरेचजण तिथूनच आले होते.

गेल्या वर्षी ठरवलं, लांबचे हुतात्मे पुष्कळ सांगून झाले, आता आपल्या मातीतला सांगू. विचारलं, “भीम कोणाकोणाला माहीत आहे?” वर्गातले सगळे हात वर. मास्तराच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. तो नीट उपभोगून घ्यावा, तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, “कोन्ता भीम, सार?”

एकाला गदावाला भीम ठाऊक होता. दुसऱ्याला लाडू खाऊन बळ येणारा छोटा भीम. तो तर हैदराबादच्या कंपनीनं काढलेला, म्हणजे पक्का तेलंगणाचा. तिसरी बाबासाहेबांच्या तसबिरीबद्दल बोलत होती. तिच्या घरात दिवसाची सुरुवातच ‘जय भीम’नं होते. गूड्यावरून, म्हणजे पाड्यावरून, येणारी कोलाम आदिवासींची पोरगी हळूच म्हणाली, “आमचा भीमायक.” तो त्यांचा देव. आणि शेवटच्या बाकावरचा एकजण उठला तो नाचतच. त्याचा भीम ‘आरआरआर’मधला, जंगलात वाघ पकडणारा. महाभारतात पांडव पाच आणि त्यांत भीम एक. आमच्या वर्गात पाचही भीमच निघाले.

मला हवा होता तो पाचवा, पण सिनेमा वजा करून. कोमरम भीम. जन्म 1901, आसिफाबादजवळचं संकेपल्ली, जमात गोंड. त्याचं भांडण निजामाच्या राजवटीशी होतं. सिनेमात त्याच्या गळ्यात गळा घालणारे अल्लुरी सीताराम राजू 1924 मध्येच मारले गेले. ती दोस्ती दिग्दर्शकानं जुळवलेली.

“म्हंजे ते दोघं नाचलेच नाही?”

“नाही.”

वर्गावर जी शोककळा पसरली, ती मी पुढे भीमाच्या मृत्यूचं सांगितलं तेव्हाही पसरली नाही.

कारण मृत्यूचं मी आम्हा मास्तरांच्या रीतीनं सांगितलं. हुतात्म्याचा धडा आम्हाला शेवटाकडूनच पाठ असतो. आवाज खाली आणायचा, 1940 साल म्हणायचं, जोडेघाटचा डोंगर, पोलिसांचा वेढा, गोळ्या, क्षणभर थांबायचं, ‘जल, जंगल, जमीन’ फळ्यावर लिहायचं आणि घंटेची वाट पाहायची. मी थांबलो होतो. तेवढ्यात त्या कोलामांच्या पोरीनं विचारलं, “सार, त्याले लिहता येत होतं का?”

इतकी वर्षं हुतात्मे शिकवतोय, पण हा प्रश्न माझ्या टिपणवहीत नव्हता. मग जे वाचलं-ऐकलं होतं ते आठवून सांगू लागलो. तरुणपणी घर सोडून पळावं लागलं तेव्हा तो चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेला. तिथं विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे कामाला राहिला आणि अक्षरं शिकला, असं सांगतात. पुढे आसामच्या चहामळ्यांत राबला. परत आला तर बाबेझरीकडे गोंड-कोलामांनी झाडोरा तोडून तयार केलेली शेतं जंगलखात्याची ठरलेली. उठा म्हणाले. त्यानं आधी बंदूक उचलली नाही. आधी अर्ज केला. निजामाची गाठ घ्यायला हैदराबादेपर्यंत गेला, पण भेट मिळाली नाही, अशीही हकीकत आहे.

“अर्ज?” वर्ग एकदम जागा झाला. वाघ त्यांनी पडद्यावर पाहिलेला. अर्ज घरात पाहिलेला.

“आमचा बाबा पन अर्ज देते, सार. राशनकार्डाचा.”

“मंग भीमाचा नंबर आला का?”

“नाही आला.”

वर्ग गप्प झाला. दर वर्षी दोन मिनिटं शांतता पाळायला मला छडी आपटावी लागते. त्या दिवशी शांतता मागावी लागली नाही.

मग पुढचंही सांगून टाकलं, कारण हुतात्म्याच्या धड्यात पुढचं कोणी सांगत नाही. ज्या सरकारनं गोळ्या घातल्या, त्यालाच नंतर प्रश्न पडला की ही माणसं उठली का. उत्तर शोधायला फ्युरर-हैमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ आले आणि मारलवाईला गोंडांमध्ये राहिले. तिथं गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. गोंडी वाचनपुस्तकं निघाली ती देवनागरी लिपीत. मी फळ्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं: ही, हीच.

राहता राहिली तारीख. भीम गेला त्या दिवसाबद्दल पुस्तकापुस्तकांत मेळ नाही. जोडेघाटला मात्र लोक आश्विन पौर्णिमेला जमतात. आपण ज्या रात्री दुधात केशर घालून चंद्राची वाट बघतो, ती कोजागरी. “मंग पेपरात काय लिहू?” हुशार मुलानं विचारलं. म्हटलं, “पौर्णिमा लिही. मी मार्क देतो.”

15 ऑगस्टला भीम ती कोलामांची पोरगीच झाली. डोक्याला फडकं, कमरेला धोतर आणि हातात घडी घातलेला एक कागद. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना राहवलं नाही.

“पोरी, तुही बंदूक कुठी हाय?”

ती म्हणाली, “आधी अर्ज हाय.”

लोक हसले. मीही हसलो. तिनं भाषण म्हटलं, खाली उतरली आणि खुर्चीवर बसलेल्या सरपंचांच्या हातात तो कागद नेऊन ठेवला. वेशभूषेतलं सामान असेल म्हणून त्यांनी कौतुकानं उघडला. पोरीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: आमच्या गूड्यावरची बोरिंग उन्हाळ्यापासून बंद आहे, दुरुस्त करून द्यावी ही विनंती.

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज हातात घेऊन पुन्हा वाचला. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. तारीख तेवढी घालायची राहिली होती, ती मी घातली.