झेड, एंटर, ई, एंटर

वसूलकर हे त्यांचं खरं आडनाव नाही. खरं आडनाव लिहायची माझी हिंमत नाही, कारण माझ्या रजेच्या अर्जावर अजून त्यांचीच सही लागते. हे नाव त्यांना ऑफिसनं ठेवलं. ते त्यांना माहीत आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा संशय आहे.

आमचं ऑफिस पुण्यात, कर्वे रस्त्यावर, एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर. खालून जिलेबीचा वास येत असतो आणि वर आम्ही अमेरिकेतल्या इस्पितळांचे डक्ट, पाइप आणि केबल ट्रे काढत असतो. जी इमारत जन्मात बघणार नाही, तिच्या तिसऱ्या मजल्यावर ड्रेनेजचा कुठला पाइप कुठल्या बीमला धडकतो हे आम्हाला तोंडपाठ असतं. वसूलकर सर आमच्यात सगळ्यात जुने. रोटरिंगच्या पेनानं ट्रेसिंगवर रेघा मारायच्या आणि चुकल्या की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायच्या, तिथून त्यांची सुरुवात. 2000 साली ते ड्रॉइंग बोर्डावरून उठून संगणकावरच्या ऑटोकॅडच्या आर-14 पुढे बसले, ते आजतागायत उठलेले नाहीत.

त्यांचं टेबल कोपऱ्यात आहे. पाठ भिंतीला, स्क्रीन भिंतीकडे. मध्ये जेमतेम खुर्ची मावते. तरीही एखादं नवीन पोर आत घुसून मागे उभं राहिलंच, तर सर मान न वळवता म्हणतात, "पाठीमागे कोणी उभं राहिलं की माझी रेघ वाकडी येते." (ऑर्थो चालू असताना रेघ वाकडी येऊ शकत नाही. पण हे कोण सांगणार?) त्यांच्या कीबोर्डावरची झेड आणि ई ही दोन अक्षरं पार पुसली गेली आहेत. ड्रॉइंग पूर्ण दिसावं म्हणून ते दिवसातून शंभरदा झेड, एंटर, ई, एंटर मारत. मारत म्हणजे काय, डावा हात वाजवायचा. त्या चार ठोक्यांवरून सर जागेवर आहेत की नाहीत हे आम्हाला पँट्रीत कळायचं.

माऊस सात वर्षं एकच होता. त्याचं चाक फिरवायला परवानगी होती, दाबायला नाही. "दाबलं की चाक ढिलं होतं. चाक गेलं की माऊस गेला. साडेचारशे रुपये." ड्रॉइंग सरकवायचं असेल तर ते पी टाइप करून एंटर मारत. पण चाक दाबत नसत.

2018 च्या दसऱ्याच्या सुमारास मालकांनी जाहीर केलं की ऑफिसातून दोघांना लास व्हेगासला ऑटोडेस्क युनिव्हर्सिटीला पाठवायचं. नावात युनिव्हर्सिटी असल्यामुळे सरांच्या सासूबाईंना वाटलं, जावई या वयात डिग्रीला बसतोय. तसं काही नसतं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचा, 1993 पासून दरवर्षी भरणारा हा मेळावा. आर्किटेक्ट, इंजिनिअर, ड्राफ्ट्समन हजारोंनी जमतात, तीन दिवस शेकडो वर्ग चालतात, आणि रात्री एकमेकांना आपापल्या क्लायंटच्या कागाळ्या सांगतात. दोघांपैकी एक सर हे ठरलेलंच होतं. दुसरा मी, कारण माझा व्हिसा शिल्लक होता.

सरांनी पहिलं काम केलं ते हिशेबाचं. विमान, हॉटेल, नोंदणी, व्हिसा, विमा मिळून माणशी तीन लाख आठ हजार. तीन दिवसांत जास्तीत जास्त चौदा सत्रं बसतात. म्हणजे सत्राला बावीस हजार. एक तासाचं सत्र धरलं तर मिनिटाला 366 रुपये. हा आकडा त्यांनी दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याभोवती चौकट काढली. "सत्र चालू असताना लघवीला गेलास तर दीड हजार गेले असं समज."

मग वेळापत्रक. चांगल्या वर्गांच्या जागा भराभर जातात, म्हणून सर नोंदणीच्या रात्री जागले. पण निव्वळ यादी करून गप्प बसतील तर ते वसूलकर कसले? त्यांनी आख्खं वेळापत्रक ऑटोकॅडमध्ये काढलं. प्रत्येक दिवसाला एक लेअर, जेवणाचा वेगळा, "चुकलं तर चालेल" अशांचा फ्रीझ केलेला, म्हणजे लपवलेला. आणि नॅव्हिसवर्क्समध्ये पाइप आणि डक्टची टक्कर तपासावी तशी सत्रांची टक्कर तपासली. दोन सत्रं एकाच वेळी असली की हार्ड क्लॅश. एक संपून दुसरं सुरू व्हायला दहा मिनिटं आणि दोन खोल्यांमधलं अंतर मोठं, तर क्लिअरन्स क्लॅश. एकूण क्लॅश एकोणीस निघाले. त्यांतले अकरा माझ्या नावावर सोडवले गेले. म्हणजे त्यांना हवी असलेली, पण त्यांच्या वेळेत न बसणारी सत्रं मला मिळाली. मला पाहिजे होतं ते रेव्हिट या सॉफ्टवेअरचं एकही मिळालं नाही.

मेळावा सुरू झाला तेव्हा भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. सरांच्या बॅगेत चकल्या, चिवडा, मेतकूट आणि कानटोपी. कानटोपीला मी हसलो, आणि हॉलमधल्या एसीत पहिल्या अर्ध्या तासात ती मागून घेतली.

मेळावा व्हेनेशियन हॉटेलात होता. या हॉटेलात घरातल्या घरात कालवे आहेत, त्यांत होड्या फिरतात, नावाडी गाणी म्हणतात आणि वर छतावर आकाश रंगवलंय. सकाळी नऊला जा की रात्री अकराला, तिथे कायम संध्याकाळचे सहा. सरांना हे आकाश फार खटकलं. ढगांमुळे नव्हे, छतामुळे. खाली उभे राहून त्यांनी मान वर करून दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "याच्या वर डक्ट किती दाटीनं गेले असतील कल्पना आहे तुला? आणि स्प्रिंकलर बघ, ढगात कसे लपवलेत. कुणीतरी रडत रडत काढलं असणार हे." होडीत बसायला पैसे पडतात हे कळल्यावर आम्ही पुलावर उभे राहून दोन गाणी फुकट ऐकली. ती वहीत जमेच्या बाजूला.

खोलीतून वर्गात जायला कसिनोतून जावं लागे. सर तिथून देवळातून चपला शोधत निघाल्यासारखे मान खाली घालून जात. जुगाराबद्दल नैतिक आक्षेप नव्हता. "पैसे घालून निकालाची वाट बघायची तर मी मनपात प्लॅन दाखल करीन की," एवढंच म्हणाले. मात्र हे गाव त्यांना अगदीच परकं नव्हतं. 1982 साली ऑटोकॅड पहिल्यांदा जगापुढे मांडलं गेलं ते इथल्याच कॉमडेक्सच्या प्रदर्शनात, हे त्यांना ठाऊक होतं आणि विमानतळावरून आणणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही त्यांनी ते सांगितलं. तो म्हणाला, "नाइस." सरांना वाटलं, भारावला.

वर्गातले सर पाहायचे तर पहिल्या रांगेत, मधोमध. वक्त्यानं स्लाइड बदलली की दोन्ही हात वर करून फोटो. प्रत्येक स्लाइडचा. आभाराच्या स्लाइडचाही. या मेळाव्याची एक चांगली पद्धत अशी की प्रत्येक वक्ता आपल्या वर्गाची सविस्तर टिपणं पीडीएफमध्ये देतो, वाटलं तर आधीच डाउनलोड करून ठेवा. मी हे सरांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "पीडीएफ आज आहे, उद्या नाही." मागच्या रांगेतल्या माणसाला त्या सबंध तासात सरांचे कोपर सोडून काहीही दिसलं नसावं.

त्या वर्षी जिथे तिथे जनरेटिव्ह डिझाइनची चर्चा. तुम्ही फक्त अटी सांगायच्या, आकार संगणक शोधणार. जनरल मोटर्सनं याच पद्धतीनं गाडीच्या सीटचा एक ब्रॅकेट केला होता: आठ तुकड्यांचा एक तुकडा झाला, वजन चाळीस टक्क्यांनी घटलं, ताकद वीस टक्क्यांनी वाढली. त्याचा फोटो पाहून सगळे वा वा करत होते. सर बराच वेळ निरखून म्हणाले, "हे आल्यासारखं दिसतंय." खरंच दिसत होतं. आल्याचा गड्डा. "आता याला डायमेन्शन कुठून कुठे द्यायचं ते सांग," म्हणाले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रदर्शनाच्या दालनात मात्र ते खुलले. तिथे प्रत्येक स्टॉलवर तुमच्या गळ्यातला बिल्ला स्कॅन करून काहीतरी देतात: पेन, पिशवी, दाबायचा चेंडू, टी-शर्ट. सरांनी स्वतःचा बिल्ला शर्टाच्या आत सरकवला आणि माझा पुढे केला. वस्तू त्यांना मिळाल्या. एका प्लॉटर कंपनीची दिवाळीची शुभेच्छापत्रं मला मिळतात, अजून. टी-शर्टाचा साइज विचारला की ते ठामपणे डबल एक्सेल सांगत. अंगाला मीडियम लागतो. "किंमत तीच ना? मग कापड जास्त." ते टी-शर्ट आता त्यांच्या घरी फरशी पुसतात आणि चांगलं पाणी टिपतात, असं वहिनी सांगतात.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. अशा ठिकाणी सॉफ्टवेअर बनवणारी माणसं स्वतः एका काउंटरमागे बसलेली असतात, कुणीही जाऊन विचारावं. बहुतेक पाहुणे तिथे जायला बुजतात. सर बुजले नाहीत. आख्ख्या ऑफिसच्या बेचाळीस तक्रारींची छापील यादी आणि पेनड्राइव्हवर नमुन्याच्या फाइली घेऊन ते स्टुलावर जाऊन बसले, आणि समोरचा पोरगेला इंजिनिअर खूश झाला. फाइल घेऊन येणारा माणूस त्याला दिवसभरात पहिल्यांदाच भेटला असावा. पाऊण तासात निकाल लागला. एकोणचाळीस तक्रारी आम्ही 2014 ची आवृत्ती वापरत होतो म्हणून होत्या. दोन ग्राफिक्स कार्डाच्या. उरलेल्या एकीत, ज्यापायी आम्ही दोन महिने एकमेकांशी भांडलो होतो, सरांनी स्वतःच एक लेअर फ्रीझ करून ठेवला होता. सरांनी त्याचे आभार मानले, त्याला दोन चकल्या दिल्या आणि यादीतली ती ओळ परतताना पेनानं गिरवून काळी केली.

शेवटच्या दिवशी दुपारी लॅब होती. लॅबमध्ये प्रत्येकापुढे संगणक, प्रत्यक्ष करून बघायचं. सरांच्या डावीकडे एक सत्तरीच्या बाई. कुठल्याशा छोट्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आयुष्यभर नळांचे नकाशे काढत आलेल्या, गळ्यात चष्म्याची साखळी, बोटांत अंगठ्या. मी मागच्या रांगेत. बाईंनी ड्रॉइंगच्या एका कोपऱ्यात काहीतरी दुरुस्त केलं आणि माऊसच्या चाकावर बोट दोनदा आपटलं. टक टक. सगळं ड्रॉइंग पडद्यावर येऊन बसलं.

सरांचा डावा हात झेडवर जाता जाता हवेतच थांबला.

"वन मिनिट, मॅडम. व्हॉट डिड यू डू?"

बाईंना कळेना काय विचारतोय. त्यांनी पुन्हा केलं. टक टक. सरांनी तिसऱ्यांदा करायला लावलं. मग स्वतःच्या माऊसकडे पाहिलं. तो हॉटेलचा माऊस होता, त्याचं चाक ढिलं झालं असतं तरी साडेचारशे रुपये सरांचे जाणार नव्हते. त्यांनी बोट चाकावर ठेवलं. टक टक.

त्यानंतर उरलेली पंचेचाळीस मिनिटं सरांनी वहीत एक अक्षर लिहिलं नाही. मिनिटाला 366 रुपयांनी.

रात्री समारोपाची पार्टी होती. खाणं फुकट, संगीत फुकट. सर आले नाहीत. मी परतलो तेव्हा दिव्याखाली बसून हिशेब करत होते. "दिवसाला शंभर वेळा. दर वेळी दोन सेकंद वाया. दिवसाचे दोनशे सेकंद. वर्षाला तीनशे दिवस. अठरा वर्षं." वही माझ्याकडे वळवली. दहा लाख ऐंशी हजार सेकंद. तीनशे तास. "आठ तासांचा दिवस धरला तर साडेसदतीस दिवस," म्हणाले. "माझी सगळी साठलेली रजा तेवढीच आहे रे." आणि नंतर बऱ्याच वेळानं, अंधारात, "एका चाकापायी."

पुण्यात आल्यावर त्यांनी सगळ्या ऑफिसला कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं. आठशे बारा फोटोंतून निवडक शहाण्णव स्लाइड. पोरं जांभया दाबत होती. शेवटची स्लाइड कोरी होती. सरांनी आपला सात वर्षांचा माऊस हातात घेतला, क्षणभर थांबले, आणि चाकावर बोट दोनदा आपटलं. पडद्यावर इस्पितळाचा आख्खा तिसरा मजला येऊन बसला.

कोणीच काही बोललं नाही.

"अरे, हे बघितलं का?"

"सर," मागून एक जण चाचरत म्हणाला, "ते तर कॉलेजातच..."

"सगळ्यांना माहीत होतं?"

माना हलल्या. पँट्रीतला चहावाला सोडून सगळ्यांच्या.

"मग मला का नाही सांगितलंत कोणी?"

सगळ्यात धाकटी मुलगी, जूनमध्ये लागलेली, म्हणाली, "सर, तुम्ही पाठीमागे उभं राहू देत नाही ना. आम्हाला कळलंच नाही तुम्ही कसं करता ते."

सर खुर्चीत बसले. मग वही उघडली, चौदा सत्रांच्या पुढचं कोरं पान काढलं, आणि वर नेहमीच्या टपोऱ्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात लिहिलं: सत्र 15. स्थळ: कर्वे रस्ता. खर्च: शून्य.

"हं," त्या मुलीकडे पाहून म्हणाले, "अजून काय काय येतं तुम्हाला? एकेक सांगा. सावकाश."