हत्तीच्या सेवाशर्ती

‘कुठूनही काम करा’ असे परिपत्रक कंपनीने काढले तेव्हा आमच्या टीममधले दोघे बँकॉकला गेले आणि मी म्हैसूरला आलो. त्यांच्याकडे थायलंडचा २०२४ साली निघालेला पाच वर्षांचा व्हिसा आहे. तो मिळवायला बँकेत पाच लाख बात असल्याचे दाखवावे लागते. मला पुण्याहून शरावती एक्सप्रेसचे तिकीट दाखवावे लागले, तेही टीसीने नीट पाहिले नाही. नातेवाइकांत त्या दोघांचा उल्लेख ‘परदेशी असतो’ असा होतो. माझ्याबद्दल ‘परत कधी येणार?’ एवढेच विचारतात.

पण माझी तक्रार मानापमानाची नाही. बँकॉकचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे. संध्याकाळी सातची मीटिंग लांबली की तिकडून आवाज येतो, ‘इकडे साडेआठ वाजलेत.’ लगेच सगळे हळहळतात आणि त्याला सोडून देतात. एकदा मीही म्हणालो, ‘इकडे सात वाजलेत.’ मॅनेजर म्हणाले, ‘इकडेपण.’ मीटिंग पुढे चालू राहिली.

तरीही हे सहन झाले असते. म्हैसूरचा खरा दोष असा की इथे प्रत्येक गोष्टीला बंद होण्याची वेळ आहे आणि लोक ती पाळतात. अशा गावात बसून आमच्या कंपनीची नोकरी करणे मनाला फार लागते.

मी गोकुलममध्ये राहतो. पट्टाभि जोइस यांनी १९४८ साली लक्ष्मीपुरममध्ये सुरू केलेली अष्टांग योगाची शाळा २००२ साली या भागात आली. तेव्हापासून इथे पहाटे चारला गोरी माणसे काखेत चटईची गुंडाळी मारून निघतात. त्या शाळेतले घड्याळ पंधरा मिनिटे पुढे ठेवण्याची प्रथा जगभर प्रसिद्ध आहे. म्हणजे फिनलंडचा माणूस एवढा प्रवास करून येतो आणि वर आणखी पंधरा मिनिटे लवकर येतो. हे मला मान्य आहे. मान्य नाही ते पुढचे. शनिवारी सुट्टी, पौर्णिमेला सुट्टी आणि अमावास्येलाही सुट्टी. अमावास्येला नवे काम काढू नये हे माझ्या आजीने जन्मभर सांगितले, तेव्हा घरात ती अंधश्रद्धा होती. आता फिनलंडचा माणूस तेच पाळतो आणि नारळपाण्याच्या गाडीपाशी निवांत उभा राहतो. आमचे नवे सॉफ्टवेअर मात्र तिथी न बघता बाहेर पडते, आणि ते कोसळले की मी जागा असतो.

घरमालक बँकेतून निवृत्त झाले आहेत. शेजारी निवृत्त, समोरचे निवृत्त, कोपऱ्यावरच्या बाकावर बसणारे सगळे निवृत्त. दिवसभर घरात असणारा माणूस म्हणजे पेन्शनर, असा इथला हिशोब आहे, त्यामुळे मलाही त्यांनी त्यात धरले आहे. ‘इतक्या लवकर?’ असे घरमालकांनी पहिल्या आठवड्यात सहानुभूतीने विचारले. मी म्हणालो, नोकरी चालू आहे. ते म्हणाले, ‘मग ऑफिस सुटते कधी?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यांनी तो तीन वेळा विचारला, कारण त्यांना वाटले मला हिंदी कळत नाही. त्यांच्या सौभाग्यवती दुपारी गच्चीवर भेटल्या की ‘ऊटा आयता?’ म्हणून जेवणाची चौकशी करतात. दुपारी चारपर्यंत माझे जेवण झालेले नसते, आणि हे त्यांना दर वेळी नव्याने सांगण्याची मला लाज वाटू लागली आहे. पुण्यात असले प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे एक ते चार सगळेच झोपलेले असतात.

खाण्याबद्दल बोलू नये, पण बोलतो. पुण्याला म्हैसूर मसाला म्हणून जे मिळते, ते लालभडक, कडक आणि लोण्याने थबथबलेले असते. वर बीट आणि चीजही असू शकते. इथे नझरबादच्या एका जुन्या हॉटेलात डोसा आला तो पांढरा, मऊ, तळहाताएवढा आणि अतिशय चांगला. तक्रारीला जागाच नाही. पुण्याहून आलेल्या माणसाला याहून मोठी गैरसोय कोणती? शिवाय दुपारी शटर खाली येते. माझा कॉल संपतो तेव्हा आत बाकडी पुसत असतात. कॉफीवर तहान भागवावी तर शेजारच्या टेबलावर दोघे ‘बाय टू’ सांगून एकीचे दोन अर्धे पेले करतात आणि त्यावर तासभर बोलतात. अर्ध्या पेल्यावर तास काढणारी माणसे आमच्या मीटिंगांना का मिळत नाहीत?

एका दुपारी वेळ काढून जगनमोहन पॅलेसमधले कलादालन पाहिले. हातात दिवा धरलेल्या बाईचे ते सुप्रसिद्ध चित्र तिथे आहे. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास जलरंगात काढले, आणि दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. माझ्या पुढच्या घोळक्याला गाइड सांगत होता, ‘राजा रविवर्मा.’ मी आवाज चढवून दुरुस्ती केली. घोळक्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या उघड्या लॅपटॉपकडे पाहिले आणि सगळे गाइडबरोबर पुढे गेले. रविवर्मा १९०६ साली वारले. म्हणजे मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी त्यांनी हे चित्र पुरे केले असे मानावे लागते. इतका ओव्हरटाइम आमच्या कंपनीतही अजून कोणी केलेला नाही. तेवढ्यात दालन बंद होण्याची घंटा झाली. रखवालदार कोकणी बाईलाही सोडून वेळेवर घरी गेला.

रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात. जुना लाकडी वाडा १८९७ साली जळाल्यावर हेन्री आयर्विनच्या आराखड्यावरून हा १९१२ साली उभा राहिला. दिवे सुमारे ९७ हजार आहेत. सातला लागतात, पाऊणएक तासाने मालवतात. बरोबर त्याच वेळी अमेरिकेतल्या साहेबांचा रविवार उजाडतो आणि कॉफी घेता घेता त्यांना आमची आठवण येते. राजवाडा उजळलेला मी अजून व्हिडिओ कॉलच्या पार्श्वभूमीलाच पाहिला आहे. साहेबांना वाटले, मी तिथे भाड्याने राहतो. पगारवाढीचे बोलणे त्यानंतर थांबले.

एवढे होऊनही मी गप्प राहिलो असतो, पण दसरा आला आणि मी हत्ती पाहिले.

दसऱ्याच्या कितीतरी आठवडे आधी हत्तींना जंगलातल्या छावण्यांतून समारंभाने म्हैसूरला आणतात. आल्याबरोबर वजनकाट्यावर उभे करून प्रत्येकाचे वजन नोंदवतात. मग राजवाड्यापासून सयाजीराव रोडने बन्नीमंटपापर्यंत रोज फिरवतात. हा रस्ता बडोद्याच्या गायकवाडांच्या नावाचा आहे, त्यामुळे तिथे वाहतूक खोळंबली तरी मराठी माणसाने रागावू नये. आधी मोकळे चालवतात, मग पाठीवर वाळूची पोती ठेवतात आणि पोत्यांचे वजन हळूहळू वाढवत नेतात. सोन्याची अंबारी साडेसातशे किलोंची आहे, ती पहिल्याच दिवशी कोणी पाठीवर टाकत नाही. गर्दीत तोफांना बिचकू नयेत म्हणून आवाजाची सवयही आधीपासून करतात. उडीद, मूग, तांदूळ, लोणी असा खुराक असतो. माहुतांचे कुटुंब सोबत राहते, त्यांच्या मुलांसाठी आवारात तात्पुरती शाळा भरते. साठी ओलांडलेल्या हत्तीवर भार द्यायचा नाही, म्हणून २०२० साली अर्जुनऐवजी अभिमन्यूने अंबारी उचलली. विजयादशमीची मिरवणूक झाली की थोड्याच दिवसांत सगळे ट्रकमध्ये बसून जंगलात परत जातात. तिथे त्यांना कोणी फोन करत नाही.

मला रुजू होताच पहिल्या सोमवारी तीन प्रोजेक्ट दिले होते. वजन कोणी केले नाही. तोफा पूर्वसूचनेशिवाय उडतात, बहुधा ईमेलने, रात्री अकराला.

म्हणून मी मनुष्यबळ विभागाला रीतसर अर्ज केला. कामाचा भार वाळूच्या पोत्यांप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढवावा. अमावास्या-पौर्णिमेस सुट्टी असावी. मोठा प्रकल्प संपल्यावर कर्मचाऱ्यास रेंजबाहेरच्या ठिकाणी पोचते करावे. आणि रोज रात्री आठला सर्व दिवे एकदम मालवावेत. आधाराला हत्तींच्या व्यवस्थेची माहिती जोडली. लोण्याचा आग्रह धरला नाही.

उत्तर चार दिवसांत आले, म्हणजे विषय गांभीर्याने घेतला गेला. अर्जाबद्दल आभार मानले होते. पुढे लिहिले होते की सदर हत्ती वर्षातून एकाच मिरवणुकीसाठी बोलावले जात असल्याने त्यांच्या सवलती कायम कर्मचाऱ्यांना लागू करता येत नाहीत. आपली हंगामी तत्त्वावर येण्याची तयारी असल्यास तसे लेखी कळवावे, सोबत अलीकडील वजनाचा दाखला जोडावा.